पीडीएफ पॅटर्नवरून लहान मुलांचे कपडे कोण कोण शिवतं?

धावदोरा

नमस्कार मंडळी. शिवणाचे धागे इथे बरेच आहेत पण सगळे ब्लाउज, पडदे आणि पिशव्यांवर अडकलेत, म्हणून हा वेगळा काढतेय.

मला मशिन बऱ्यापैकी येतं. सरळ टीप, नेफा, चुण्या, काज वगैरे जमतं. ड्राफ्टिंग (मापांवरून कपड्याची आकृती स्वतः आखणं) शिकलेले नाही आणि खरं सांगायचं तर शिकायची फार हौसही नाही. हल्ली ज्या एकट्या-दुकट्या डिझायनर स्वतः पॅटर्न (कापड कापायचे कागदी नमुने) काढून त्याची पीडीएफ विकतात ना, मोठ्या कंपन्या नव्हेत, तसले दोन-तीन घेऊन ठेवलेत. एक बिनबाह्यांचा फ्रॉक आहे, वरच्या भागाला पूर्ण अस्तर आणि पाठीला बटणं, एक टी-शर्ट आणि एक साधी पँट. फोटो इतके गोड की घेतल्याशिवाय राहवलं नाही.

आता गाडी साइजवरच अडलीये. लेक साडेचार वर्षांची, उंची 112, छाती 55, कंबर 51. काडी आहे नुसती. पॅटर्नच्या तक्त्यात 3 नंबरला उंची 98 छाती 55, 4 ला 104 आणि 57, 5 ला 110 आणि 59, 6 ला 116 आणि 61. म्हणजे छातीने 3 आणि उंचीने जवळजवळ 6! मग कापू काय? मधला 4-5 कापला तर चालेल का? शिवाय प्रिंट, जोडाजोड, माया (शिवणीसाठी कडेला सोडायचं जादा कापड), सगळ्याबद्दलच जाणकारांनी लिहा, म्हणजे माझ्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

कात्रीबाई

मधला कापू नको. मधला म्हणजे रुंदीला ढगळ आणि लांबीला आखूड, दोन्हीकडून गेलं.

एकच लक्षात ठेव, छातीवरून साइज आणि उंचीवरून लांबी. तुझ्या मुलीचा फ्रॉक 3 नंबरचा, फक्त लांबी 6 ची. वयाचा आकडा पाकिटावर असतो तो विसरूनच जा, तो निव्वळ अंदाज असतो, त्यातून प्रत्येक डिझायनरचं बाळ वेगळं. युरोपातले बरेच पॅटर्न तर वय लिहीतच नाहीत, साइजचा आकडाच उंचीचा असतो, 98, 104, 110, 116 असे सहा-सहा सेंटिमीटरने चढत जातात. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आता कसं करायचं ते. पीडीएफमध्ये लेयर असतील (म्हणजे प्रत्येक साइजच्या रेषा वेगळ्या चालू-बंद करता येतात, बहुतेकांत असतात) तर 3 आणि 6 हे दोनच चालू ठेवून प्रिंट काढ, बाकीच्या रेषा दिसायलाच नकोत. वरच्या भागाचा गळा, खांदा, मुंढा (काखेची गोलाई) सगळं 3 चं घे. मुंढ्याला हात लावू नको, नाहीतर पुढे अस्तराशी जुळणार नाही. मग मुलीच्या मानेमागचं हाड असतं ना, तिथून कंबरेपर्यंत टेप लाव (कंबरेला इलॅस्टिक बांध, कंबर कुठेय ते मुलांच्यात डोळ्याला कळत नाही) आणि पॅटर्नच्या पाठीची लांबी माया सोडून मोज. जो फरक येईल तेवढा कागद मुंढ्याच्या खाली आडवा कापून मध्ये पट्टी चिकटवून वाढव. चांगल्या पॅटर्नवर त्यासाठी दोन समांतर रेषा आखलेल्याच असतात. बाजूची रेघ मग पट्टीने सरळ जोडून घे. पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन्हीचं अस्तर, सगळीकडे तेवढंच वाढव. खालचा घेर 6 च्या लांबीचा काप, रुंदी 3 ची चालेल, चुण्याच आहेत.

आणि तक्त्यात "तयार कपड्याची मापं" असा वेगळा भाग असतो तो बघितलास का? अंगाची छाती 55 आणि तयार फ्रॉकची समजा 61 असेल तर सहा सेंटिमीटर सैल आहे, न ताणणाऱ्या कापडाला तेवढं पाहिजेच. ती मापं दिली नसतील तर कागद मोजायचा, माया वजा करायची. घरातला तिला नीट बसणारा एखादा फ्रॉक सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोज आणि दुप्पट कर. तो आकडा पॅटर्नच्या आकड्याशी ताडून बघितलास की निम्मी भीती जाते.

टाचणी

अनुमोदन कात्रीबाईंना. मी प्रिंटवर लिहिते कारण लोक तिथेच आपटतात.

प्रिंटच्या खिडकीत "फिट" वर टिक असते ती काढायची, "अ‍ॅक्च्युअल साइज" किंवा 100 टक्के. आधी फक्त चौकोनाचं पान काढा. प्रत्येक पॅटर्नवर एक चाचणीचा चौकोन असतो, कुणाचा एक इंच कुणाचा पाच सेंटिमीटर, तो पट्टीने आडवा मोजायचा आणि उभाही मोजायचा, कारण काही प्रिंटर एकाच दिशेने ताणतात. मग बाकीची पानं. अमेरिकन डिझायनरांच्या फायली त्यांच्या लेटर कागदाच्या असतात, 216 बाय 279 मिलिमीटर, आपला ए4 आहे 210 बाय 297. फिट केलं की साधारण तीन टक्के आक्रसतं. तीन टक्के ऐकायला काहीच नाही, पण 60 च्या घेरावर पावणेदोन-दोन सेंटिमीटर गेले की. तेवढ्यात एक साइज बसते!

फोनवरून प्रिंट देऊ नका. बरीच अ‍ॅप न विचारता स्वतःच लहान-मोठं करतात. कॉम्प्युटरवरून, पीडीएफ वाचायच्या खऱ्या प्रोग्राममधून, ब्राउझरमधून नाही.

जोडताना उजवी आणि खालची कडा कापायची, डावी-वरची ठेवायची (किंवा उलट, पण एकच पद्धत शेवटपर्यंत), त्या ठेवलेल्या कडेवर शेजारच्या पानाची कापलेली कड टेकवून चिकटवायचं. आधी आडव्या ओळी पूर्ण करायच्या, मग ओळी एकमेकींना. प्रत्येक पानाला खुणा जुळवत बसलं की शेवटच्या पानाशी चूक जमा होऊन येते, ओळीने केलं की कमी. ज्यांना हे जिवावर येतं त्यांनी ए0 ची फाइल आहे का बघावं, नकाशे छापणाऱ्या मोठ्या प्रिंटरवर एका कागदात सगळं येतं. तिथे देतानाही 100 टक्के असं बजावून सांगा. आणि मूळ कागद कापू नका हो, त्यावर पातळ कागद ठेवून हवी ती साइज उतरवून घ्या. मुलं वाढतात, पुढच्या वर्षी तोच पॅटर्न लागतो.

जुनी_मशिन

वाचतोय. थोडं विरुद्ध बोलतो, राग नको. लहान मुलाचा फ्रॉक म्हणजे काय आहे? छाती भागिले चार अधिक सैलपणा, मुंढा, गळा, झालं. आमच्याकडे सगळं खडूने थेट कापडावर उतरवायचे. त्यासाठी परदेशी बाईला पैसे देऊन, तीस पानं छापून, चिकटपट्ट्या लावून, शेवटी 3 नंबर की 6 नंबर म्हणून धागा काढायचा? हे मला उलटं वाटतं. एकदा ड्राफ्टिंग शिका, आयुष्यभर फुकट.

कात्रीबाई

काका राग अजिबात नाही, पण "झालं" म्हणताय त्यातच सगळं येतं की. छातीला चारने भागून येतो तो डबा. कॉलर बसवायची, चोरखिसा घालायचा, पँटची मागची बाजू बसल्यावर खाली ओढली जाऊ नये इतपत उंच ठेवायची, हे ज्याने शंभरदा शिवलंय त्याच्याकडूनच येतं. चांगल्या स्वतंत्र डिझायनरच्या पॅटर्नमध्ये मी रेषांचे पैसे देत नाही, क्रमाचे देते. कुठली शिलाई आधी, कुठे इस्त्री, कुठे थांबायचं. ऑलिव्हर अँड एस नावाच्या अमेरिकन ब्रँडच्या मुलांच्या पॅटर्नच्या सूचना नुसत्या वाचल्या तरी शिवण सुधारतं, इतक्या बारकाईने लिहिलेल्या असतात.

आणि मापांच्या साइजचे कागदी पॅटर्न हे खूळ काही आजचं नाही. 1863 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने सुरू केलं ते. त्याआधी जे पॅटर्न मिळायचे ते एकाच साइजचे, मोठं-लहान करायचं ते शिवणाऱ्या बाईनेच. असं सांगतात की त्याच्या बायकोला, एलेनला, मुलासाठी चौकड्याच्या कापडाचा कपडा शिवायचा होता आणि तिने हीच तक्रार केली. म्हणजे सुरुवातच लहान मुलांच्या कपड्यावरून झालीये, आणि तीही नेमकी साइजच्या भानगडीतून!

जुनी_मशिन

हा हा. हे माहीत नव्हतं. क्रमाचे पैसे हा मुद्दा मान्य. बाकी ड्राफ्टिंग शिका हे म्हणणं मागे घेत नाही.

उरेब_पट्टी

मायेबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. घात तिथे होतो. काही पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, काहींत नसते, आणि धरलेली असली तरी प्रत्येकाची वेगळी. मोठ्या अमेरिकन कंपन्यांची ठरलेली पाच अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर. स्वतंत्र डिझायनर लोक मुलांच्या कपड्यांना बऱ्याचदा तीन अष्टमांश, म्हणजे एक सेंटिमीटर धरतात, टी-शर्टच्या कापडाला पाव इंच, आणि ऑलिव्हर अँड एस अर्धा इंच. फिनलंडचं ओट्टोब्रे मासिक घेतलं तर त्यात मायाच नसते, वर एकाच कागदावर एकमेकांत घुसलेले सतरा पॅटर्न रंगीत रेघांनी, ते शोधून उतरवायचे आणि भोवती आपण माया सोडायची.

हिशोब करून बघा. दोन बाजूंच्या दोन शिवणी, म्हणजे कापडाच्या चार कडा. प्रत्येक कडेला पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं की घेरात दोन सेंटिमीटर. कटिंग कितीही नेमकं असलं तरी मग फ्रॉक बसत नाही आणि बोल पॅटर्नला लागतो.

म्हणून कापायच्या आधी पहिल्या पानावरची माया बघायची आणि कागदावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची. मशिनच्या पत्र्यावर तेवढ्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवत जा. मुलांच्या गळ्याला-मुंढ्याला मी नंतर माया छाटून अर्धी करते, नाहीतर आत गोळा होऊन टोचतं.

धावदोरा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. चौकोन मोजला, बरोबर आला. वरच्या भागात तीन सेंटिमीटर वाढवावे लागताहेत. आता पुढचं. सूचनांमध्ये अस्तर आणि वरचं कापड गळ्याला नि मुंढ्याला जोडून मग "खांद्यातून ओढून सुलटं करा" असं लिहिलंय. इंग्रजी कळतंय, पण डोळ्यासमोर येत नाहीये. काय ओढायचं, कुठून?

तिरकी_टीप

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, सांगते. कापड समोर घेऊनच वाच.

वरच्या कापडाचे खांदे जोडलेस, पुढचा एक तुकडा आणि पाठीचे दोन. अस्तराचेही तसेच. बाजू अजून उघड्याच पाहिजेत, घाईने शिवू नकोस. आता सुलट्या बाजू समोरासमोर करून अस्तर वर ठेव, खांद्याच्या शिवणी एकावर एक, टाचण्या मार. पाठीच्या मधली कड, तिथून वर गळा पूर्ण फिरून दुसरी पाठ खालपर्यंत, एक शिलाई. (पाठीच्या कडेला तुझ्या पॅटर्नमध्ये बटणपट्टी वेगळी दुमडायची असेल तर फक्त गळा.) मग दोन्ही मुंढे. बाजू नाहीत आणि कंबरही नाही.

मग गळ्याच्या नि मुंढ्याच्या गोलाईला कात्रीच्या टोकाने छोटे काप दे, टीपेच्या अगदी जवळपर्यंत, टीप न कापता. हे काप नसले तर गळा कधीच सपाट बसत नाही, इस्त्री जाळून घेतलीस तरी.

आता हाताशी काय आहे? पुढचा मोठा तुकडा, आणि दोन खांद्यांवरून गेलेले पाठीचे दोन तुकडे. खांदा म्हणजे दोन कापडांच्या मधली एक अरुंद बोळ झालीये. पुढच्या तुकड्याच्या कंबरेकडून वरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये हात घाल, वर खांद्याच्या बोळातून जा, पलीकडची पाठ चिमटीत धर आणि हळूहळू ओढ, ती खांद्यातून पुढच्या भागाच्या पोटातून खाली बाहेर येते आणि सुलटी होऊनच येते. दुसरी पाठही तशीच. खांदा अगदीच अरुंद असला तर पाठीची गुंडाळी कर आणि मोठी सेफ्टी पिन टोचून तिला ओढ. कात्री-सुरी घालू नको आत.

नंतर बाजू. अस्तर वर उचल म्हणजे बाजूला एक लांब सरळ रेघ होते, वरच्या कापडाच्या पुढच्या-मागच्या बाजू एकमेकींवर नि अस्तराच्या एकमेकींवर, मुंढ्याच्या शिवणी नेमक्या जुळवून एका दमात टीप. खाली घेर जोडला की आत एकही कड उघडी दिसत नाही. मेड बाय रे या डिझायनरचा जेरेनियम ड्रेस नावाचा पॅटर्न बऱ्याच जणींनी शिवलेला असतो, त्यातही असाच अस्तरवाला वरचा भाग आणि पाठीला बटणं आहेत, त्यामुळे त्याचे लोकांनी शिवलेले फोटो शोधलेस तर रचना कळेल.

पहिल्यांदा जुन्या चादरीवर करून बघ, फक्त वरचा भाग, घेर नको. मुलीच्या अंगाला लावता येतो आणि लांबी वाढवलीस तीही तपासून होते.

होजिअरी_प्रेमी

टी-शर्टवर येऊया का? कारण फ्रॉकवाले लोक टी-शर्टला तसेच जातात आणि मग मशिनला शिव्या.

ताणणाऱ्या कापडाच्या पॅटर्नवर किती टक्के ताण हवा ते लिहिलेलं असतं. कापड आडवं दुमडून, कडेपासून लांब, 10 सेंटिमीटरवर दोन टाचण्या लावा आणि सहज ताणेल तेवढंच ताणा. 13 झालं तर तीस टक्के, 14 झालं तर चाळीस. सोडल्यावर परत 10 वर आलं पाहिजे, 11 वर राहिलं तर त्या कापडाचा गळा दोन धुण्यांत लोंबणार. कापड कमी ताणणारं असेल तर वरची साइज घ्यायला काही लोक सांगतात, मी तर कापडच दुसरं घेतो.

सुई साधी नको, गोल टोकाची घ्या, जर्सी किंवा बॉलपॉइंट नावाने मिळते, 75 किंवा 80 नंबर. साधी सुई धागा भोसकते, मग धुतल्यावर शिवणीच्या कडेने बारीक भोकं. ओव्हरलॉक (कडा गुंफणारं वेगळं मशिन) नसेल तर काही अडत नाही, अगदी अरुंद झिगझॅग, रुंदी अर्धा ते एक, लांबी अडीच. कापड मागून ओढू नका! मशिनचे दात नेतात त्याला, तुम्ही फक्त दिशा द्यायची. दाबपट्टीचा दाब कमी करता येत असेल तर करा. तरी लाटा आल्याच तर वाफेची इस्त्री वरून नुसती धरा, बऱ्याचशा बसतात.

गळ्याची पट्टी. पॅटर्नमध्ये तिचं माप दिलेलं असतं, पण ते डिझायनरच्या कापडाचं. आपल्या गळ्याची शिवणीवरची गोलाई मोजा, समजा 40 आली, रिबचं (उभ्या धारींचं, जास्त ताणणारं) कापड असेल तर त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के, म्हणजे 32 ते 34, अधिक जोडायची माया. त्याच टी-शर्टच्या कापडाची पट्टी असेल तर थोडी जास्त. पट्टीचे नि गळ्याचे चार-चार भाग करून खुणा जुळवा आणि पट्टी ताणत शिवा, गळा नाही ताणायचा. आणि मुख्य म्हणजे मुलाचं डोकं मोजा. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, चार-पाच वर्षांच्या मुलाचं सहज 50 च्या पुढे. पट्टी लावल्यावर गळा तेवढा ताणला गेला पाहिजे. टी-शर्टच्या पॅटर्नला न ताणणारं कापड वापरलं तर घालताच येत नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

अवांतर: कापड आधी धुवून घ्या. पुढे तो कपडा जसा धुणार तसंच, मशिनमध्ये तर मशिनमध्ये.

नवी_सुई

मस्त धागा! धावदोरा, तो फ्रॉकचा पॅटर्न मला मेल करशील का? मला पण शिवायचाय. आपण सगळ्यांनी मिळून एक ड्राइव्ह करू, जिच्याकडे जो पॅटर्न आहे तो टाकायचा, सगळ्यांचा फायदा.

उरेब_पट्टी

नको ग. हे करू नका इथे. मोठी कंपनी नाहीये समोर, एक बाई आहे जिने तो आखला, सगळ्या साइजमध्ये चढवला, लोकांकडून शिवून घेऊन तपासला. तुझ्या ड्राइव्हमुळे तिचं घर बुडेल असं नाही, पण दहा ठिकाणी दहा ड्राइव्ह असले की ती पुढचा पॅटर्न काढत नाही.

नवी_सुई

अगं पण ब्लाउजचं कटिंग आपण एकमेकींना देतोच की. आणि कपड्यावर कुठे कॉपीराइट असतो?

कात्रीबाई

कपड्यावर नसतो हे अर्धं बरोबर आहे. अमेरिकन कायद्यात कपडा ही उपयोगाची वस्तू, त्याच्या बेताला कॉपीराइट नाही. पण पीडीएफमधलं रेखाटन, चित्रं, लिहिलेल्या सूचना यांना आहे, आणि तू ड्राइव्हवर टाकणार आहेस ते नेमकं तेच. फ्रॉक बघून स्वतः ड्राफ्ट केलास तर कोण काय म्हणणार, जुनी_मशिन काका खूशच होतील.

शिवून विकायचं असेल तर मात्र पॅटर्नवरची ओळ वाचा. काही जणी म्हणतात फक्त घरच्यासाठी, काही म्हणतात थोडे विका पण नाव लिहा, काहींचा त्यासाठी वेगळा परवाना असतो. ती ओळ कोर्टात कितपत टिकेल हा वकिलांचा प्रश्न. मी विचारून घेते, एका मेलचं काम असतं आणि मला तरी उत्तर आलं नाही असं झालेलं नाही. आणि फुकट पॅटर्नही पुष्कळ आहेत, बहुतेक डिझायनर एखादा तरी फुकट देतात, आधी तो शिवून बघ, तिची पद्धत पटते का कळेल.

नवी_सुई

बरं बाई. ड्राइव्ह रद्द. पण मग विकत घेताना पॅटर्न चांगला की वाईट ओळखायचा कसा? फोटो तर सगळ्यांचेच भारी. एकदा घेतला होता त्याच्या बाह्या मुंढ्यात जाईचनात.

तिरकी_टीप

फोटो बघूच नकोस. हलणाऱ्या मुलाचा, फुलांमागचा, कंबरेवर हात ठेवलेला फोटो म्हणजे कपडा लपवायची सोय. नुसत्या रेघांचं चित्र दिलंय का बघ, पुढून आणि मागून. ते नसेल तर मी घेत नाही. मग तक्ता: अंगाची मापं, तयार मापं, कापड किती लागेल, कुठल्या पन्ह्याला (कापडाच्या रुंदीला). 44 इंची पन्ह्याचं आणि 58 इंचीचं कापड वेगवेगळं लागतं, एकच आकडा दिलेला असला की समजायचं काम घाईत झालंय. मग ते कपडे बघ जे बाहेरच्या लोकांनी शिवलेत, डिझायनरच्या स्वतःच्या मुलीवरची नव्हे, आणि त्यात जाडं मूल आणि काडीसारखं मूल दोन्ही असावं.

घेतल्यावर कापायच्या आधी कागद एकमेकांवर चालवून बघायचा. म्हणजे पुढच्या खांद्याची शिवणरेघ मागच्या खांद्याच्या शिवणरेघेवर ठेवायची, लांबी तेवढीच आहे का. दोन्ही खांदे टेकवून गळ्याची गोलाई सलग वाहते का की मध्ये टोक येतंय. बाजू तशाच. बाहीच्या डोक्याची शिवणरेघ टेपने उभी धरून मोज आणि मुंढ्याची मोज. मुलांच्या साध्या शर्टाला बाही मुंढ्यापेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर मोठी असली तर ठीक, चार-पाचने मोठी असेल आणि फुगा बाही नसेल तर पॅटर्नमध्येच घोळ आहे. तुझ्या बाह्यांचं बहुतेक हेच. विक्रीच्या आधी डिझायनर परीक्षक लोकांना पॅटर्न देऊन शिवून घेतात, पण "छान झालंय" म्हणणारे परीक्षक जमा केले की ह्या गोष्टी सुटतात. माझं स्पष्ट मत, दर आठवड्याला नवा पॅटर्न काढणारीपेक्षा वर्षातून दोन काढणारीकडून घ्यावा.

टाचणी

एक राहिलं म्हणून. पॅटर्नमध्ये टोपीला किंवा गळ्याला नाडी दाखवली असेल तर नाडी गाळा. घसरगुंडीच्या फटीत, गाडीच्या दारात अडकते. युरोपात त्यासाठी ईएन 14682 नावाचं मानकच आहे, सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला-गळ्याला नाडी चालत नाही, अमेरिकेतही 1996 पासून तशाच मार्गदर्शक सूचना आहेत. घरी शिवतो तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही, पण गळा तोच. अगदी तान्ह्यांना बटणांऐवजी प्रेसची बटणं, आणि बटणं लावलीच तर हाताने परत एकदा पक्की करा, मशिनची टीप एक धागा तुटला की सुटते.

आणि कोणाला प्रश्न पडला असेल की अमेरिकन नाइटसूटचे पॅटर्न इतके अंगाबरोबर का, तर तिकडे 9 महिन्यांवरच्या मुलांच्या झोपायच्या कपड्यांना नियम आहे, कापड लवकर पेट न घेणारं हवं नाहीतर कपडा अंगाला घट्ट हवा. साधं सुती कापड म्हटलं की घट्ट आलंच. तो नियम विकायच्या कपड्यांना आहे, पण डिझायनरांच्या हाताला तोच बेत बसलाय, म्हणून साइज लहान आली असं समजून दोन नंबर वर जाऊ नका.

धावदोरा

चादरीवरचा वरचा भाग झाला! खांद्यातून ओढताना पाठ खरंच सुलटी होऊन बाहेर आली, ओरडलेच मी. लांबी बरोबर, मुंढा बरोबर, गळा किंचित उघडा वाटतोय पण तो चादरीला काप कमी दिलेत म्हणून असावा. खरं कापड धुवायला टाकलंय.

शेवटचा प्रश्न, पँट. तिथेही रुंदी 3 आणि लांबी 6 च का? आसन (कंबरेपासून पायांच्या सांध्यापर्यंतचा भाग) कुठलं घ्यायचं?

कात्रीबाई

पँटला छाती विसर, सीट आणि कंबर बघ. रुंदी 3 ची, पायाची लांबी 6 ची, बरोबर. आसनासाठी तिला खुर्चीवर ताठ बसव आणि बाजूने कंबरेच्या इलॅस्टिकपासून खुर्चीच्या पाटापर्यंत मोज. पॅटर्नवर पायांच्या सांध्याच्या पातळीपासून कंबरेपर्यंतची उभी उंची माया सोडून त्याहून एक-दोन सेंटिमीटर जास्त असायला हवी. उंच बारीक मुलांना 3 चं आसन बहुधा कमी पडतं, तेव्हा तेवढा फरक सीटच्या वर आडवी पट्टी घालून वाढव, पुढे-मागे सारखाच. आसनाची गोलाई बदलू नको. मागचा भाग पुढच्यापेक्षा वर चढलेला दिसेल तो तसाच राहू दे, सरळ कापलास तर ती खाली बसली की पँट ओढली जाणार. इलॅस्टिक कंबरेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी कापून आधी टाचणीनेच लाव, तिला घालून दोन उड्या मारायला सांग, मग टीप. आणि नेफ्यात मागच्या बाजूला फितीचा तुकडा शिव, नाहीतर रोज सकाळी पुढचं-मागचं कुठलं म्हणून हाका येतील.

धावदोरा

फितीचं भारी आहे. करते आणि फोटो टाकते.

जुनी_मशिन

फ्रॉकचा आतून काढलेला फोटो पण टाका. बाहेरून सगळेच चांगले दिसतात.